पुढच्या सर्व्हिसच्या आधी

"थांबा. पुढच्या सर्व्हिसच्या आधी कुणाचं काही म्हणणं?"

सकाळचे साडेसहा वाजलेले असत. नेटच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघे-दोघे धापा टाकत उभे. रॅली संपलेली, बॅडमिंटनचं फूल उचललेलं, सर्व्हिस करणाऱ्याने रॅकेट मागे नेलेली, आणि नेमका तेव्हाच मानकरांचा हा प्रश्न वरून खाली यायचा. वरून म्हणजे रंगारी वापरतात तसल्या एका लाकडी घोड्याच्या वरच्या पायरीवरून. तिथे बसून ते अंपायरिंग करत. कुणाचं काहीही म्हणणं नसे. असलंच तर ते 'आता चला' एवढंच असे, आणि ते मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. मानकर चौघांच्या तोंडाकडे एकेक करून बघत, मग "म्हणणं नाही. करा सर्व्हिस," म्हणून परवानगी देत. रॅली संपली की पुन्हा तेच.

गेम पंधरा पॉइंटांचा. त्यात पॉइंट मिळतो तो फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूने कितीही रॅल्या जिंकल्या तरी तिच्या पदरात पॉइंट पडत नाही, फार तर सर्व्हिस येते. त्यामुळे एका गेममध्ये सहज पन्नास वेळा सर्व्हिस पडते, आणि पन्नास वेळा आमचं काही म्हणणं नाही हे आम्हाला मानकरांना सांगावं लागे. वीस मिनिटांचा गेम सव्वा तास चाले. मी कित्येकदा बिनआंघोळीचा ऑफिसात गेलो आहे, त्याचं कारण हे.

आधीच सांगून टाकतो, बॅडमिंटन मला कधी फारसं आवडलं नाही. पण गिरगावातल्या आमच्या वाडीत दोन चाळींच्या मधे एक फरशीचं अंगण होतं, त्यावर चुन्याच्या रेषा होत्या, आणि वाडीतल्या प्रत्येक धडधाकट तरुणाने तिथे हजेरी लावलीच पाहिजे असं मानकरांनी ठरवून टाकलं होतं. उन्हं वर आली की चौपाटीकडून वारा सुटतो आणि फूल भलतीकडे जातं, म्हणून खेळ फक्त पहाटे. पावणेसहाला मानकर माझ्या दारावर आपल्या मोजायच्या काठीने दोनदा टकटक करत. ऐन विशीत गमावलेली ती झोप अजून भरून आलेली नाही.

सदानंद मानकर हे पाठारे प्रभू. आजोबांची म्हणे गिरगावात दोन घरं होती. नातवाकडे तळमजल्यावरची दीड खोली उरली होती, तीही भाड्याची. फोर्टातल्या एका सॉलिसिटरकडे ते मॅनेजिंग क्लार्क होते. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नव्हतं. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या खिशात बॅडमिंटनच्या नियमांचं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. रॅकेट त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. "अंपायरने खेळू नये रे," ते म्हणत. "खेळला की त्याला मतं होतात."

नियम त्यांना तोंडपाठ होते, तरी काही विचारलं की "पुस्तकात बघू," म्हणून ते पुस्तक काढत. नेट मधोमध पाच फूट आणि खांबापाशी पाच फूट एक इंच असावं लागतं. त्या एका इंचासाठी त्यांनी काठीला दोन खिळे मारून घेतले होते आणि रोज खेळाआधी ते नेटला काठी लावून बघत. तो इंच सोडून इतर कुठल्याही विषयावर त्यांच्याशी समजुतीने बोलता येत असे.

खरं दुःख लांबीचं होतं. कोर्ट चव्वेचाळीस फूट लागतं. आमच्या अंगणात चाळीस फुटांवर विहीर. मानकरांनी घरमालकाला रीतसर इंग्रजीत अर्ज केला की विहीर चार फूट मागे घ्यावी. उत्तर आलं नाही म्हणून तीन स्मरणपत्रं पाठवली. शेवटी त्यांनी निवाडा दिला की मागची रेषा विहिरीच्या पलीकडच्या कठड्यावरून जाते असं समजावं. रेषेवर पडलेलं फूल आत असतं, त्यामुळे विहिरीत पडलेलं फूलही आतच धरलं जाऊ लागलं. ते बाहेर काढणं हा खेळाबाहेरचा प्रश्न होता, आणि तो बहुधा माझ्याकडे येई.

दुसरं संकट वरून लोंबणाऱ्या लुगड्यांचं. पुस्तकात लुगडं नव्हतं. मानकरांनी दोन रविवार विचार केला आणि निकाल दिला: अंगावरच्या कपड्याला फूल लागलं तर फॉल्ट, दोरीवरच्या कपड्याला लागलं तर लेट, म्हणजे ती रॅली झालीच नाही असं समजून पुन्हा खेळायचं. हा निकाल त्यांनी टाइप करून विहिरीजवळच्या फळ्यावर लावला. चाळीतल्या बायकांनी तो वाचून घेतला आणि लुगडी होती तिथेच ठेवली.

एवढं सगळं चालत होतं, पण तो 'कुणाचं काही म्हणणं'चा प्रश्न पहिल्यापासून नव्हता. तो मागून लागला, आणि कशामुळे लागला ते सांगायचं तर चिमणभाईंना आणावं लागेल.

चिमणभाई गुजराती, आमच्याच चाळीत पहिल्या मजल्यावर राहत. भुलेश्वरात काचसामानाचं दुकान. वीस वर्षं वाडीत राहून त्यांचं मराठी आमच्याइतकंच वेगवान झालं होतं, फक्त मधेच एखादा शब्द आपल्या गावी जाऊन येई. माणूस चांगला ऐसपैस. धोतर वर खोचून खेळत आणि डबल्समध्ये ते माझे पार्टनर होते. सहा हिवाळे मी त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला उभा राहिलो. मला "पार्टनर" म्हणत. माझं नाव वसंत आहे हे त्यांना बहुतेक आठवत नसावं.

त्यांचं आणि मानकरांचं भांडण एकच: सर्व्हिस. सर्व्हिस करताना फूल कंबरेच्या खाली असलं पाहिजे. चिमणभाई ते छातीशी धरून मारत. मानकर "फॉल्ट" म्हणत.

"कमरेच्या खाली तर होता," चिमणभाई म्हणत.

"चिमणभाई, तुमची कंबर तिथे नाही."

"कमर मारी छे. कुठे आहे ते तू सांगणार?"

कोर्टावर मानकर त्यांना 'तुम्ही' म्हणत. कोर्टाबाहेर दोघे 'तू-तू'वर होते. संध्याकाळी ऑफिसातून आले की मानकर वर जात आणि चिमणभाईंच्या गॅलरीत बसून पुन्हा त्याच कंबरेवर वाद घालत. मानकरांच्या घरी त्यांच्यासाठी चहा टाकणारं कुणी नव्हतं, हे कुणी बोलून दाखवत नसे. वाद चहाबरोबर सुरू होई आणि जेवणाचं ताट आलं की बंद होई.

शेवटी मानकरांनी ऑफिसातून लाल फीत आणली. वकिलांच्या कागदांचे गठ्ठे बांधतात ती. एका पहाटे त्यांनी चिमणभाईंना हात वर करायला लावले, पुस्तक बघितलं, पोटाचा घेर दोन बाजूंनी न्याहाळला आणि फीत बांधून जाहीर केलं, "ही तुमची कंबर. नोंद घ्यावी." चिमणभाईंनी ती मानली. रोज खेळायला येताना ते फीत बांधून येत आणि पहिली सर्व्हिस मुद्दाम तिच्या वीतभर वरून करत. "फॉल्ट," मानकर म्हणत. "बराबर," म्हणून चिमणभाई हसत, आणि मग खेळ सुरू होई. पाच वर्षं ही पूजा चुकली नाही.

मानकरांचा एक लाडका नियमही इथेच सांगतो. डबल्समध्ये सर्व्हिस हाती आली की ती उजव्या चौकोनातून सुरू करायची आणि दर पॉइंटाला चौकोन बदलायचा. अर्धवट झोपेत हा हिशेब चुकतो. कुणी चुकीच्या चौकोनातून सर्व्हिस केली आणि रॅलीही जिंकली, तर समोरच्याने हरकत घ्यायची. ती मान्य झाली की रॅली पुन्हा. पण हरकत पुढची सर्व्हिस पडायच्या आत घेतली पाहिजे. नंतर ओरडून उपयोग नाही. चूक कायम, पॉइंट कायम, खेळाडूही चुकीच्या जागीच उभे राहायचे. "क्लेम वेळेत हवा," मानकर सांगत. "नंतर अंपायरसुद्धा काही करू शकत नाही."

मग ते वर्ष आलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटलेली होती. रोज मोर्चे, लाठ्या, अश्रुधूर. मीही पाठीवर एक लाठी घेऊन आलो होतो आणि आठवडाभर ती सगळ्यांना दाखवत होतो. मानकर पकडलेल्या पोरांच्या जामिनाचे कागद लिहून देत. चिमणभाई मोर्चा वाडीवरून गेला की पाण्याची घागर घेऊन खाली उभे राहत. मुंबई कुणाची यावर ते काही बोलत नसत, आणि आम्ही विचारत नसू.

दर हिवाळ्यात वाडीच्या सामन्यांची यादी फळ्यावर लागे. त्या जानेवारीतही लागली. तिसऱ्या ओळीत चिमणभाई आणि मी. रविवारची सकाळ होती, सगळे जमलेले. तिसऱ्या मजल्यावरचा गजा पुढे आला, कानामागची पेन्सिल काढली आणि चिमणभाईंच्या नावावर आडवी रेघ मारली.

"यंदा आपल्या माणसांचीच नावं," तो म्हणाला.

गजा वाईट नव्हता. त्याच्या धाकट्या भावाच्या पायात गोळी लागली होती आणि गजा चार रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता. पण रेघ मारली ती मारली.

चिमणभाई तिथेच होते, लाल फीत बांधून, हातात रॅकेट. त्यांनी गजाकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. ते वर घोड्यावर बसलेल्या मानकरांकडे बघत राहिले. वाडीत राहणारा कुणीही खेळू शकेल, हा नियम मानकरांनीच पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्यांनी तो नुसता वाचून दाखवला असता तरी गजाने पेन्सिल खिशात घातली असती. मानकरांच्या पुस्तकापुढे वाडीत कुणाचं चालत नव्हतं.

मानकरांनी पुस्तक काढलं. पानं उलटू लागले. पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली आणि मग पुन्हा पहिल्यापासून. चिमणभाई थांबले. चांगले थांबले. मग त्यांनी फितीची गाठ सोडली, ती बोटांभोवती गुंडाळली, घोड्याच्या खालच्या पायरीवर ठेवली आणि जिना चढून वर गेले.

कुणीतरी म्हणालं, "चला रे, सर्व्हिस." पहिला सामना सुरू झाला. तिसऱ्या ओळीत मला दुसरा जोडीदार मिळाला. मी खेळलो, हरलो, आणि ऑफिसात गेलो नाही कारण रविवार होता. दिवसभर झोपून काढला.

पंधरा दिवसांनी चिमणभाईंचं सामान हातगाडीवर चढलं. मातुंग्याला मुलाकडे जागा मोठी आहे, असं ते सगळ्यांना सांगत होते. मानकर तेव्हा ऑफिसात होते. नेहमीपेक्षा तासभर लवकर गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली रॅली संपली, मी सर्व्हिससाठी हात मागे नेला, आणि वरून पहिल्यांदा आवाज आला, "थांबा. पुढच्या सर्व्हिसच्या आधी कुणाचं काही म्हणणं?"

हे तीन वर्षं चाललं. पोरं वैतागली, दोघांनी खेळ सोडून कॅरम धरला. मी सोडला नाही. मला तेवढाही उत्साह नव्हता.

मधल्या काळात महाराष्ट्र होणार अशी चिन्हं दिसू लागली. मग एका रविवारी, जानेवारीतच, खेळ संपल्यावर मानकर घोड्यावरून उतरले आणि म्हणाले, "वसंता, कपडे बदल. मातुंग्याला जायचंय."

"आज? काका, मी दमलोय हो."

"आजच. उद्या तीन वर्षं पुरी होतात. मुदत संपते."

"कसली मुदत?"

"दाव्याची." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "खेळाच्या नियमाने क्लेम पुढच्या सर्व्हिसच्या आत हवा. तुमची जोडी उतरलीच नाही, म्हणजे तुमची सर्व्हिस पडलीच नाही. कायद्याने म्हणशील तर तीन वर्षं. दोन्ही बाजूंनी मी आजच्या दिवसापर्यंत मुदतीत बसतो."

ते बसतात की नाही मला माहीत नव्हतं. पण त्यांनी तीन वर्षं हा मसुदा डोक्यात घोळवला होता, हे माझ्या लक्षात आलं आणि मी कपडे बदलले.

बसने दादर, तिथून ट्राम. मानकरांच्या मांडीवर फुलस्केप कागदांची घडी होती, चिमणभाईंनी पायरीवर ठेवलेल्या त्याच लाल फितीने बांधलेली.  किंग्ज सर्कलला उतरल्यावर म्हणाले, "बिल्डिंग मला ठाऊक आहे. दोनदा येऊन गेलोय."

"मग?"

"खालून परत गेलो."

चिमणभाईंनी स्वतःच दार उघडलं. बारीक झाले होते, एका गुडघ्याला पट्टा. आम्हाला बघून बाजूला सरकले आणि म्हणाले, "आवो. पार्टनर पण आला? आवो."

खोलीत मधोमध झोपाळा होता. मी खुर्ची बघून बसून घेतलं. मानकर उभेच राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"चिमणभाई, मी क्लेम दाखल करायला आलोय. तुमचं नाव यादीतून कमी करण्यात आलं त्या वेळी मी अंपायर होतो. सर्व मुद्दे यात लिहिलेत. वाचून दाखवतो."

"वाचू नको," चिमणभाई म्हणाले. "तू बोल."

 हायकोर्टात मोठमोठ्या वकिलांच्या कानात मुद्दे सांगणारा हा माणूस, पण शब्द बाहेर येईना. त्यांनी कागद पुढे केला. चिमणभाईंनी तो घेतला, फितीची गाठ सोडली, आणि कागद न उघडता झोपाळ्यावर ठेवून दिला. फीत त्यांनी सदऱ्यावरून स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळली आणि पुढे गाठ मारली. पूर्वी गाठीपुरती पुरायची ती फीत आता वीतभर जास्त झाली होती.

मग ते लंगडत आत गेले आणि कपाटावरून रॅकेट आणि पिसं झडलेलं एक फूल घेऊन आले. खोलीच्या एका टोकाला उभे राहिले. फूल छातीशी धरलं, फितीच्या चांगलं वर, आणि मारलं. झोपाळ्याच्या कड्यांवरून जाऊन ते समोरच्या भिंतीवर आपटलं.

चिमणभाई मानकरांकडे बघत राहिले. त्या रविवारी बघत होते तसेच.  मानकरांच्या हातात आज पुस्तकही नव्हतं. मी उठलो, फूल उचललं आणि चिमणभाईंच्या हातात दिलं.

"बीजी, दुसरी सर्व्हिस करतोय, मानकर," चिमणभाई हळूच म्हणाले. "काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण." आणि त्यांनी हात मागे नेला.

"फॉल्ट," मानकर म्हणाले. मग खाकरून पुन्हा म्हणाले, "फॉल्ट. कंबरेच्या वर होतं. आणि मी बोलायला हवं होतं रे. तेव्हाच बोलायला हवं होतं."

"बराबर," चिमणभाई म्हणाले. ते झोपाळ्यावर बसले, कागद उचलून बाजूला केला आणि तिथे हाताने थोपटलं. मानकर तिथे जाऊन बसले. टोपी मांडीवर ठेवून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. इतकी वर्षं मी त्यांना उंचावरच बसलेलं बघितलं होतं. ते एवढे लहानखुरे आहेत हे मला तेव्हा दिसलं.

"आणि पार्टनर," चिमणभाई माझ्याकडे वळले, "तुझं काय म्हणणं?"

तीन वर्षं रोज पन्नास वेळा दिलेलं उत्तर तोंडातून आपोआप गेलं. "काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि आत चहा टाकायला सांगितलं.

म्हणणं होतं. यादीत त्यांच्या नावाशेजारी माझं नाव होतं आणि गजा माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मानकरांना घोड्यावरून उतरावं लागलं असतं, मला नुसता हात पुढे करायचा होता. चहा झाला, फाफडा झाला, कंबर नेमकी कुठे असते यावर दोघांचं पुन्हा एकदा भांडण झालं, आणि निघेपर्यंत मी दहा वेळा तोंड उघडून मिटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर दोनदा टकटक झाली. अंग ठणकत होतं, तरी उठलो. पहिली रॅली संपली, फूल माझ्याकडे आलं. मी हात मागे नेला आणि सवयीने थांबलो.

वरून काहीच आवाज आला नाही. मानकर घोड्यावर बसून शांतपणे नेटकडे बघत होते. त्यांना आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

"मार ना रे, वसंता," पलीकडून गजा म्हणाला. "कुणासाठी थांबलायस?"

मी आणखी थोडा थांबलो. मग सर्व्हिस केली.